गॅलरीतली वही आणि समोरचं झाड

पत्र:

सासूबाई गेल्याला आठ महिने झाले. तेव्हापासून आमच्या घरात कुणी कुणाशी भांडत नाही, पण बोलतही नाही. सासरे दिवसभर गॅलरीत बसून असतात. नवरा कामावरून आला की मोबाइलमध्ये डोकं खुपसतो. पंधरा वर्षांची मुलगी खोलीचं दार लावून घेते. मध्यंतरी समोरच्या मोठ्या झाडावर रातबगळ्यांनी घरटी केली आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा आजोबांच्या शेजारी जाऊन बसायला लागला. दोघं मिळून घरटी मोजतात. सासऱ्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांनी मी 'अरे, तो बघ!' ऐकलं. पण आता शेजारीपाजारी म्हणताहेत की घाण होते, वास येतो, झाड तोडून टाकू. मुलगा रडून बेजार झालाय, त्याला फलक घेऊन झाडाखाली उभं राहायचंय. नवरा म्हणतो, शेजाऱ्यांशी वैर नको, पोराला या भानगडीत ओढू नकोस. मुलगी म्हणते, कशाला धडपडता, सगळे पक्षी संपणारच आहेत. पक्ष्यांच्या नादानं घर सावरतंय असं वाटत होतं. आता तोच नाद नवं भांडण घेऊन येणार का?
– दोन मुलांची आई

ता. क. मुलानं विचारायला सांगितलंय: रातबगळे रात्री बाहेर जातात, मग त्यांची पिल्लं एकटीच राहतात का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं 'अरे, तो बघ!' मी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणून आधीच सांगते, हा नाद बंद करू नका. फलक मात्र आज नको, आठवडाभर थांबू द्या. आणि एक वही आजच आणा. ती कशाला, ते पुढे सांगते.

घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेले सगळे एकमेकांना जपायला लागतात आणि जपता जपता बोलणं आटतं. समोर बसून 'बाबा, कसं वाटतंय?' असं विचारलं की 'बरं आहे' एवढंच उत्तर येतं. त्याच्या पुढे जायला दोघंही बिचकतात. शेजारी शेजारी बसून दोघं तिसऱ्याच कशाकडे तरी पाहत असली की हा पेच उरत नाही. मधल्या शांततेचंही ओझं होत नाही, कारण तिथं गप्प बसायचंच असतं. तुमच्या सासऱ्यांना नातवानं नेमकं हेच दिलंय, न ठरवता.

माझे वडील आजारातून उठले तेव्हा आम्हा दोघांत बऱ्याच वर्षांचा अबोला साचलेला होता. त्यांना रोज सकाळी तळ्याकाठी फिरायला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिले काही दिवस आम्ही फक्त एक खंड्या पाहिला. तो ठरलेल्या फांदीवर यायचा, पाण्यात सूर मारायचा, मासा फांदीवर आपटून आपटून गिळायचा. दोनेक आठवड्यांनी, नजर खंड्यावरच ठेवून, वडील म्हणाले, 'तेव्हा मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नसतं, असं मला आजही वाटतं.

हा निव्वळ माझा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी १,२९२ जणांना मोबाइलवरून दिवसातून तीनदा विचारलं होतं की आत्ता पक्षी दिसतोय किंवा ऐकू येतोय का, आणि मनाला कसं वाटतंय. २०२२ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. पक्षी दिसले किंवा ऐकू आले तेव्हा लोकांना जास्त बरं वाटत होतं. आसपासच्या झाडांचा आणि पाण्याचा परिणाम बाजूला काढून पाहिला तरी हा फरक उरत होता आणि तो आठ तासांपर्यंत टिकल्याचं दिसलं. नैराश्याचं निदान झालेल्यांमध्येही तेच आढळलं.

तरीही पक्षी म्हणजे औषध नव्हे. सासऱ्यांचं खाणं सुटलं असेल, झोप उडाली असेल, 'आता जगून काय करायचं' अशी भाषा येत असेल, तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही उशीर करू नका. गॅलरीतलं बसणं त्याच्या जोडीला चालू राहू दे.

आता वहीकडे येते. रोज एकच वेळ ठरवा. संध्याकाळी उजेड मावळायच्या आधीची पंधरा मिनिटं तुमच्या झाडासाठी सगळ्यात चांगली, कारण तेव्हा रातबगळे 'क्वॉक' असा आवाज करत एकेक बाहेर पडतात. वहीत तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, किती घरटी दिसली, कितींवर पक्षी बसलेला होता, पिल्लं दिसली का, एवढंच लिहायचं. ओळखू न आलेला पक्षी दिसला तर नावाच्या मागे लागायच्या आधी त्याचं वर्णन लिहू द्या: चिमणीएवढा की कावळ्याएवढा, चोच जाड की सुईसारखी, शेपटी हलवत होता का, जमिनीवर चालत होता की उड्या मारत होता. पुस्तकात किंवा ॲपमध्ये नंतर शोधा. नाव आधी कळलं की बघणं तिथंच थांबतं. पोरांचंच नव्हे, मोठ्यांचंही.

आजोबा आणि नातू ही जोडी या कामाला फार छान असते. त्याचं कारण थोडं दुखरं आहे. वय वाढतं तशी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकण्याची ताकद आधी जाते. त्यामुळे काही पक्ष्यांची शीळ नातवाला ऐकू येईल आणि आजोबांना येणार नाही. मग नातवानं बोट दाखवायचं आणि आजोबांनी दुर्बिणीतून शोधायचं. उलट एका जागी न हलता अर्धा तास बसणं आजोबांना जमतं, नातवाला जमत नाही. दोघांनाही दुसऱ्याची खरीखुरी गरज लागते, उगाच कौतुक म्हणून सोबत केल्यासारखं होत नाही.

दुर्बीण लगेच विकत घ्यायची गरज नाही, समोरचं झाड नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पुढे घ्यावीशी वाटलीच तर आठ गुणिले बत्तीसची घ्या: आठ पट मोठं दिसतं आणि पुढची भिंग बत्तीस मिलिमीटरची असतात. बेचाळीसची जास्त उजेड घेते, पण लहान हातांना जड पडते. मुलाला एकच युक्ती शिकवा. नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण उचलून डोळ्यांपर्यंत आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलं की नुसती पानं दिसतात आणि मुलं कंटाळतात. आणि कृपा करून या पंधरा मिनिटांचा अभ्यास करू नका. 'आज किती नवीन पक्षी पाहिलेस?' या प्रश्नाला शाळेचा वास येतो.

तुमच्या मुलीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. 'सगळे पक्षी संपणारच आहेत' असं म्हणणारं मूल बेफिकीर नसतं. तिला फार वाटतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून दार लावलेलं आहे. तिला 'असं बोलू नये' म्हणू नका, कारण तिचं बरंचसं खरं आहे. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ तीन अब्ज पक्षी कमी झाल्याचा हिशेब २०१९ साली शास्त्रज्ञांनी मांडला. तिनं तो कुठंतरी वाचलाही असेल. पण त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट होती, ती बातम्यांत मागे पडली. त्याच काळात बदकं, हंस आणि काही शिकारी पक्षी वाढले होते. पाणथळ जागा माणसांनी राखल्या, विषारी फवारण्यांवर बंदी आणली, शिकारीला आवर घातला, म्हणून वाढले.

तिला पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची गोष्ट सांगा. डीडीटी हे कीटकनाशक माशांतून या गरुडांच्या पोटात जायचं आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या वजनानं ती फुटायची. १९६३ साली अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्यांच्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ साली तिथं डीडीटीवर बंदी आली आणि २००७ साली हा गरुड धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून बाहेर काढला गेला, तेव्हा सुमारे दहा हजार जोड्या झाल्या होत्या. कवचं पातळ होताहेत हे कळलं कसं, तेही तिला सांगा. ब्रिटनमध्ये पक्षीअभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी शिकारी पक्ष्यांची जुन्या संग्रहांतली अंडी आणि नवी अंडी ताडून पाहिली आणि १९६७ साली फरक दाखवून दिला. फवारणी सुरू होण्याआधीच्या काळात कुणीतरी ती अंडी तारीख-ठिकाणासह जपून ठेवली नसती, तर तुलना कशाशी करणार होते?

त्या मुलीला गॅलरीत ओढून आणू नका. तिला काम द्या, आणि ते तिच्या खोलीत बसून करता येईल असं असू दे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं ऑड्युबॉन या पक्षी राखणाऱ्या संस्थेच्या साथीनं २००२ साली 'ईबर्ड' हे संकेतस्थळ सुरू केलं. जगभरातले साधे लोक तिथं आपल्या नोंदी भरतात आणि पक्षी कुठून कुठं सरकताहेत, कुठं घटताहेत, याचे नकाशे संशोधक त्यावरून बनवतात. भावाच्या वहीतल्या नोंदी तिथं चढवायचं काम तिचं. 'मर्लिन' हे ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं, तेही तिच्याकडेच असू दे. फक्त ॲपनं सुचवलेलं नाव डोळ्यांनी खात्री झाल्यावाचून वहीत चढवायचं नाही, हा नियम ठेवा. त्या खात्रीसाठी कधी ना कधी ती दार उघडून बाहेर येईल.

आता झाड. इथं तुमच्या पतीचं अर्धं बरोबर आहे आणि मुलाचंही अर्धं.

पतीचं बरोबर हे की शेजाऱ्यांची तक्रार खोटी नाही. बगळ्यांच्या वसाहतीखाली विष्ठा पडते, अर्धवट पचलेले मासे पडतात, उग्र वास येतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत जाणं काही वेळा आजाराचं कारण होतं, म्हणून ती कोरडी झाडायची नसते. आधी पाणी मारून ओली करायची, मास्क लावून मग धुवायची. हे तुम्ही स्वतः पुढे होऊन शेजाऱ्यांना सांगितलंत तर लोकांना कळेल की तुम्हाला त्यांचाही त्रास दिसतो. नुसता फलक घेऊन मूल झाडाखाली उभं राहिलं तर समोरचा माणूस एकतर हसेल नाहीतर चिडेल, आणि नऊ वर्षांच्या जिवाला ते दोन्ही लागेल.

आसामच्या पूर्णिमादेवी बर्मन यांची हकिगत तुमच्या घरासाठीच आहे असं मला वाटतं. त्या हरगिला नावाच्या मोठ्या करकोच्यावर अभ्यास करत होत्या. हा दिसायला रुक्ष, टकला, आणि घरट्याखाली तीच घाण, तोच वास. २००७ साली एका गावात एका माणसानं घरटी असलेलं आपलं झाड तोडलं आणि पिल्लं खाली पडली. त्यांनी जाब विचारला तेव्हा आसपासच्या लोकांनी त्यांनाच घेरून सुनावलं. घरी त्यांच्या दोन लहान मुली होत्या. त्यांनी स्वतःची पीएचडी लांबणीवर टाकली आणि गावातल्या बायकांशी बोलायला सुरुवात केली. पक्ष्याची बाजू मांडायच्या आधी त्या या बायकांच्या घरात मिसळल्या. मग घरट्यातल्या पक्ष्यांसाठी डोहाळजेवणासारखे समारंभ झाले, हातमागावर हरगिलाची नक्षी आली, त्यातून बायकांना कमाई मिळाली. आज 'हरगिला आर्मी'त हजारो बायका आहेत. त्या परिसरातली घरटी २८ वरून अडीचशेच्या वर गेली आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं पूर्णिमादेवींना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. झाडं आजही लोकांच्या मालकीची आहेत. मालकांनी तोडायचं थांबवलं, एवढंच झालं.

तुमच्या मुलाचं बरोबर हे की गप्प बसलात तर झाड जाईल. आणि इथं वही कामाला येते. झाड कायमचं वाचवा अशी मागणी पहिल्याच बैठकीत करू नका. मुदत मागा. रातबगळ्याची अंडी साधारण चोवीस दिवसांत फुटतात. पिल्लं महिन्याभरात घरट्याबाहेर फांद्यांवर चढायला लागतात आणि सहा-सात आठवड्यांची झाली की उडतात. म्हणजे अंड्यापासून उडण्यापर्यंत सव्वादोन ते अडीच महिने. सगळ्या जोड्या एकाच दिवशी अंडी घालत नाहीत, त्यामुळे थोडं पुढेमागे होतं, आणि नेमकं किती, ते तुमच्या वहीतूनच दिसेल. 'पक्ष्यांवर दया करा' म्हणणाऱ्या बाईला लोक टाळतात. 'आज इतक्या घरट्यांत पिल्लं आहेत, अमुक तारखेपर्यंत ती उडतील, तोवर झाडाखाली गाड्या लावू नका, आम्ही आठवड्यातून दोनदा जागा धुऊन देतो,' असं सांगणाऱ्या बाईला निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

मोजण्याची ताकद जुनी आहे. १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक चॅपमन नावाचा तरुण दोन दुपारी रस्त्यानं फिरला आणि त्यानं बायकांच्या टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पक्ष्यांची पिसं किंवा अख्खे पेंढा भरलेले पक्षी होते, चाळीस जातींचे. त्या काळी पिसांसाठी बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती कापल्या जात होत्या. त्यानं फक्त आकडे मांडले. याच चॅपमननं १९०० साली नाताळच्या दिवशी पक्षी मारण्याच्या स्पर्धेऐवजी पक्षी मोजायची कल्पना काढली. पहिल्या वर्षी २७ माणसं आली. ती मोजणी अजून दरवर्षी होते.

तुमच्याकडचा कायदाही पाहून ठेवा. अनेक देशांत अंडी किंवा पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावणं गुन्हा आहे आणि झाड तोडायला परवानगी लागते. पण कायदा खिशात असू दे, आधी हातात वही असू दे. तक्रारीची धमकी दिल्यावर पुन्हा बोलायला बसणं अवघड होतं.

पतींना भांडायला सांगू नका. बैठकीला फक्त सोबत यायला सांगा. मुलानं तिथं घोषणा द्यायची नाही, त्यानं वहीचं एक पान वाचून दाखवायचं. नऊ वर्षांच्या मुलानं स्वतः लिहिलेल्या तारखा आणि आकडे वाचले की मोठी माणसं ऐकतात. त्याला आधी घरी दोनदा वाचायला लावा आणि वाचताना आजोबांना शेजारी बसवा.

एक गोष्ट तुमच्या मनाची तयारी असावी म्हणून लिहिते. एवढं सगळं करूनही झाड जाऊ शकतं. तसं झालं तर मुलाला 'जाऊ दे, दुसरीकडे जातील' म्हणून गप्प करू नका. त्यानं आजी पाठोपाठ दुसरी गोष्ट गमावलेली असेल. त्याला रडू द्या, वहीत शेवटची नोंद त्याच्या हातानं करू द्या आणि पुढच्या हंगामात पक्षी कुठं बसतात ते शोधायला सगळे मिळून जा. घरात करण्यासारखंही पुष्कळ आहे. खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूनं पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके चिकटवले की पक्षी आपटत नाहीत. एकदोन स्टिकर लावून उपयोग नसतो. स्थलांतराच्या दिवसांत रात्रीचे अनावश्यक दिवे बंद ठेवा. उथळ भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. घरट्यांचे फोटो ठिकाणासह कुठंही टाकू नका, आणि जवळ बोलावण्यासाठी पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू नका, निदान विणीच्या दिवसांत तरी.

आता तुमच्या मुलासाठी.

बाळा, तुझा प्रश्न चांगला आहे. रातबगळ्याचे आईबाबा दोघंही अंडी उबवतात आणि दोघंही पिल्लांना भरवतात. पिल्लं अगदी लहान असतात तेव्हा एक जण मासे आणायला जातो आणि दुसरा घरट्यात थांबतो. पिल्लांची भूक वाढली की हे रात्रीचे पक्षी दिवसासुद्धा मासे पकडायला जातात. तेव्हा दुपारी एखादा रातबगळा उडताना दिसला तर समज, त्याच्या घरी पिल्लं आहेत. वहीत तसं लिही आणि कुठल्या घरट्यात उतरला ते आजोबांना बघायला सांग. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर माणसाच्या वासानं आईबाबा त्याला टाकतात हे खरं नाही, पण तू ते उचलू नकोस. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की समोरच्याच्या डोळ्यांवर चोच मारतं. मोठ्या माणसाला बोलाव, ते पिल्लावर कापड टाकून उचलतील. आणि झाडावरची सगळी पिल्लं उडाली की किती उडाली ते मला कळव.